ओके म्हणजे ऐकलं

लॅपटॉपच्या पडद्यावर एक चौकोन आला होता. यातलं सगळं पुसलं जाईल, असं त्यात इंग्रजीत लिहिलेलं, आणि खाली दोन बटणं: ओके आणि कॅन्सल. भाऊरावांचं बोट ओकेकडे निघालं.

"भाऊराव, नाही!" मी ओरडले.

हॉलमध्ये बसलेली सगळी म्हातारी माणसं कान तपासायला आलेली होती. मी काय ओरडले ते त्यांना कळलं नाही, पण ओरडले एवढं कळलं, म्हणून तीही ओरडली. भाऊरावांना त्यातलं काहीच ऐकू गेलं नाही. त्यांचं कानाचं यंत्र त्या वेळी कानात नव्हतं, वायरीनं त्याच लॅपटॉपला लावलेलं होतं.

मी छत्री उचलली आणि त्यांच्या मनगटावर मारली. हलकी मारली नाही.

बोट बाजूला सरकलं. चौकोन तसाच उभा राहिला. भाऊराव माझ्याकडे वळले आणि बहिरी माणसं बोलतात तशा मोठ्या आवाजात म्हणाले, "वहिनी, कावून मारून राहिल्या?"

उत्तर देण्यात अर्थ नव्हता. मी लॅपटॉप त्यांच्यापुढून ओढून घेतला.

आता हे सगळं काय होतं ते सांगते.

भिलाईजवळ चरोद्याला रेल्वे कॉलनीच्या तोंडाशी माझं दुकान आहे. आमचे हे यार्डात होते, आणि नोकरी सांभाळून कॅसेटी भरून द्यायचे. ते गेल्यावर दुकान मी चालवलं. कॅसेटी गेल्या, सीड्या आल्या, सीड्या गेल्या, पेनड्राइव्ह आले. माझं शिक्षण चौथीपर्यंत. कंप्युटर मला चालवता येत नाही असं म्हणणार नाही, पण मला जे येतं ते परत आलेल्या मालानं शिकवलं. चांगला चाललेला माल कोणी दाखवायला आणत नाही. बिघडलेला मात्र दुसऱ्या दिवशी काउंटरवर हजर असतो, आणि मालक सांगतो की आपण काहीच केलं नव्हतं. काय केलं होतं ते विचारत बसलं की धंदा कळतो.

माझ्या धंद्याचं दुःख एकच आहे. मेलेली डिस्क परत उठत नाही, आणि लोक सल्ला विचारायला तिच्या तेरवीला येतात.

अलीकडे कॉलेजची पोरं एक नवीन मागणी घेऊन येतात. त्यांना लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीन चालवायची असते आणि लॅपटॉपमध्ये जागा नसते, म्हणून बाहेरून लावायचं काहीतरी पाहिजे असतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी पोरांच्या मागे मशीन कुठं आहे ते बघितलं. भिलाईत पोलादाचा प्लांट आहे, तिथं मशीन म्हटलं की माणूस मान वर करून बघतो, एवढी ती मोठी असते. ही मशीन दिसतच नाही म्हणे.

ती काय असते ते मला उज्ज्वलानं समजावलं. उज्ज्वला म्हणजे भाऊरावांची मुलगी. सेक्टर दोनच्या क्वार्टरात वाढली, कानाच्या तपासणीचं शिकली, आणि आता गावोगाव कॅम्प घेते. कान तपासायचा, यंत्र बसवायचं, आणि ते त्या माणसाच्या कानाप्रमाणे जुळवून द्यायचं. हे जुळवणं कंप्युटरवर होतं. तिचा जुळवायचा प्रोग्राम जुना आहे, जुन्याच विंडोजवर चालतो. नवीन लॅपटॉप त्याला उभं करत नाही.

"मंग काकू, मी काय केलं," ती म्हणाली, "या नव्या लॅपटॉपच्या पोटात एक जुना कंप्युटर बसवला. खराखुरा नाही. पण त्या प्रोग्रामाले वाटते का आपण जुन्याच घरी आहो."

"म्हणजे भाडेकरू," मी म्हणाले. "क्वार्टर तुझं, चूल त्याची वेगळी."

"हाव. अन् त्याची पेटी बाहेर ठेवायची आहे, डिस्कवर. लॅपटॉप बिघडला तर पेटी उचलायची, दुसऱ्या घरी न्यायची."

तेव्हा मला पोरांची मागणी समजली, आणि त्यांनी परत आणलेले पेनड्राइव्ह का मेले होते तेही समजलं.

वाचणाऱ्याला पेनड्राइव्ह आणि डिस्क सारखीच वाटत असेल तर चूक नाही. आकडा तोच लिहिलेला असतो. एक पोरगा माझ्याशी भांडला होता, "आंटी, एक सौ अट्ठाईस तो एक सौ अट्ठाईस ही होता है ना!" मी त्याला दुकानाबाहेर नेलं आणि यार्डाकडे बोट दाखवलं. अख्खी मालगाडी इकडून आली आणि तिकडे गेली तर वेळ लागत नाही. पण एक डबा या रुळावरून काढ, दुसरा त्या रुळावर लाव, तिसरा मधेच घुसव, यात दिवस जातो. पिक्चर भरायचा म्हणजे अख्खी गाडी काढायची. ते पेनड्राइव्हला जमतं. मशीन चालवायची म्हणजे दिवसभर शंटिंग. इथलं थोडं वाच, तिथं थोडं लिही, थांबायचं नाव नाही. पेनड्राइव्ह तापतो, अडतो, आणि एक दिवस बसतो. मेमरी कार्डाची गत तीच.

पोरगा म्हणाला, "तो फिर क्या लूँ?"

त्याला जे सांगितलं तेच सगळ्यांना सांगते. बाहेरून लावायची एसएसडी घ्या. तिच्यात फिरणारं काही नसतं आणि शंटिंग तिला जमतं. फिरणारी हार्डडिस्क स्वस्त पडते, पण तिच्या आत चकती फिरते आणि चकतीवर सुई असते, म्हणून ती टेबलावरच बरी. अहिवाऱ्याकडचा एक वजनकाट्याचा माणूस मशीनसाठी तीच घेऊन गेला. मी बजावलं, चालू असताना हलवू नको. तो महिनाभरात परत आला. डिस्क टकटक करत होती.

"हलवली का?"

"नहीं अम्मा, हाथ भी नहीं लगाया."

"कुठं ठेवली होती?"

"डंपर में."

चुनखडीच्या खाणीच्या रस्त्यावर, चालत्या डंपरमध्ये, मांडीवर लॅपटॉप, लॅपटॉपला डिस्क. त्यानं तिला हात लावला नव्हता हे खरं होतं. त्याच्या डिस्कमध्ये लेकीच्या लग्नाचे फोटोही होते. ते मला काढून देता आले नाहीत. त्याचं मला अजून वाईट वाटतं, कारण तो भांडला नाही, नुसता डिस्क कानाशी लावून टकटक ऐकत उभा राहिला.

आणखी दोन गोष्टी सांगते. वायर डिस्कसोबत येते तीच वापरा, मोबाइल चार्ज करायची नको. आणि लॅपटॉपला निळ्या जिभेचं भोक असलं तर त्यात लावा, काळ्यात नको, काळं जुनं आणि सुस्त असतं. दुसरी गोष्ट, मशीनची सगळी पेटी म्हणजे एकच भलीमोठी फाइल असते. पुष्कळ पेनड्राइव्ह कंपनीतून अशा जुन्या पद्धतीनं आखून येतात की त्यांच्यात चार जीबीच्या वरची एक फाइल जातच नाही, जागा कितीही रिकामी असो. लोकांना वाटतं माल नकली आहे. नकलीही असतो, पण दर वेळी नाही. आखणी बदलून घेतली की फाइल जाते. या आखणी बदलण्यालाच फॉरमॅट म्हणतात. त्यात आधीचं सगळं जातं, म्हणून ते रिकाम्या डिस्कवर करायचं असतं, भरलेल्या नाही.

उज्ज्वलाला मी एसएसडीच दिली होती. ती तिनं वापरलीही. मग कॅम्पच्या दिवशी लॅपटॉपला पेनड्राइव्ह कुठून आला?

भाऊरावांकडून.

भाऊरावांनी सगळी नोकरी प्लांटमध्ये काढली, भट्टीवर. कान तिथंच गेले. निवृत्तीनंतर लेकीच्या कॅम्पला ते सोबत जायचे, सामान मांडायचे, लॅपटॉप चालू-बंद करायचे. त्यांना एसएसडीची वायर आवडत नव्हती. टेबल हललं की वायर ढिली व्हायची. त्यांच्या हिशेबानं जिथं जोड तिथं गळती. म्हणून त्यांनी माझ्याकडून पेनड्राइव्ह नेला; माझ्याकडचे मी आधीच आखणी बदलून ठेवते. कशाला पाहिजे विचारलं तर म्हणाले, "फोटो ठेवाचे आहेत." आणि मशीनची पेटी त्यात उतरवून घेतली. वायर नाही, जोड नाही, गळती नाही. एसएसडी सेक्टर दोनच्या घरी कपाटात गेली. उज्ज्वलाला कामाच्या रगाड्यात मशीन सुस्त झाल्याचं कळलं, पण बाबांनी मनावर घेतलंय तर राहू दे, असं तिनं केलं. तेव्हापासूनचे सगळे कॅम्प पेनड्राइव्हवर झाले. सगळ्यांच्या कानांची जुळवणी त्यातच होती.

चरोद्याचा कॅम्प आमच्या कॉलनीच्या हॉलमध्ये होता. मीही तपासणीलाच गेले होते, कारण गिऱ्हाईक चौसष्ट म्हणायचं आणि मी अडुसष्ट ऐकायची. यंत्रं एक संस्था फुकट देणार होती आणि संस्थेचे साहेब रायपूरहून येऊन खुर्ची टाकून बसले होते. हा कॅम्प नीट झाला तर पुढचे सगळे कॅम्प उज्ज्वलाला, नाहीतर रायपूरच्या दुसऱ्या माणसाला, असं त्यांनी सकाळीच सगळ्यांसमोर सांगितलं होतं. उज्ज्वलाचं घर या कॅम्पांवरच चालतं.

जेवणाची वेळ झाली तेव्हा भाऊरावांचंच नवं यंत्र लॅपटॉपला लावलेलं होतं. उज्ज्वला आतल्या खोलीत एका बाईचा कान तपासत होती. ती खोली बंद ठेवावी लागते, आवाज चालत नाही. जाताना तिनं वडिलांना खुणेनं सांगितलं, मशीन बंद करा.

आता भट्टीवरच्या माणसाला बंद करा म्हणून सांगणं म्हणजे काय ते भिलाईवाल्यांना कळेल. भट्टी बंद करत नसतात. हवा कमी करतात, निजवतात, पण विझवत नाहीत. विझली तर आतलं लोखंड थिजतं. भाऊरावांनी मशीन बंद न करता निजवली. मशीनमध्ये तशी सोय आहे. पण निजताना ती आपल्या डोक्यात चाललेलं सगळं डिस्कवर लिहून ठेवते, आणि पेनड्राइव्हला ते लिहायला फार वेळ लागतो. दिवा लुकलुकत होता. पंगत बसली होती. भाऊराव थोडं थांबले, आणि मग त्यांनी लुकलुकत असतानाच पेनड्राइव्ह उपटून खिशात ठेवला. जोखमीची वस्तू टेबलावर कशी सोडायची?

जेवून आल्यावर त्यांनी तो परत लावला. लॅपटॉपला तो वाचता येईना. त्यानं विचारलं, फॉरमॅट करायचं का? भाऊरावांनी हो केलं. सुरू करू का? हो केलं. सगळं पुसलं जाईल. आणि तिथं मी छत्री घेऊन पोहोचले.

उज्ज्वला आतून धावत आली. पडदा पाहिला आणि तिचा चेहराच उतरला. तिनं कॅन्सल दाबलं. मग वडिलांपुढे कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: ओके कावून दाबलं?

भाऊरावांनी वाचलं आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाले, "दाबलं नाही वो बेटा. त्यानं सांगतलं, मी म्हटलं ओके."

तिला त्याचा अर्थ लागला नाही. मला मात्र समजलं. आमच्या शेजारी प्लांटचे लोक राहायचे, त्यांचं फोनवरचं बोलणं भिंतीतून ऐकलेलं आहे. कंट्रोल रूममधून निरोप आला की इकडून म्हणायचं, ओके. दुसरा निरोप, ओके. तिथं ओके म्हणजे ऐकलं. कर असा त्याचा अर्थ नाही. न ऐकणारा माणूस भट्टीवर उभा असेल तर जीव जातो, म्हणून दर निरोपाला ओके म्हणायचंच. भाऊराव जन्मभर तेच म्हणत आले होते. लॅपटॉप सांगत होता की सगळं पुसलं जाईल, आणि भाऊराव त्याला कळवत होते की निरोप पोहोचला.

"काकू, गेलं का सगळं?" उज्ज्वलानं विचारलं.

"अजून पुसलं नाही," मी म्हणाले. "आखणी बिघडली आहे. माल आतच असंन."

"घरी एसएसडी आहे, पण तिच्यातलं जुनं आहे. मागच्या कॅम्पांतलं त्यात काहीच नाही. अन् आज सकाळचं तं नाहीच नाही."

"मंग हेच वाचवाचं. रडाचं असंन तं नंतर रड."

ती रडणारी पोरगी नव्हती. लॅपटॉपमध्ये डिस्क तपासून आखणी दुरुस्त करायची सोय असते, ती तिला ठाऊक होती. तिनं ती सुरू केली. वेळ लागणार होता. पुढचं मी सांगितलं: पेनड्राइव्ह उघडला तर त्याच्यावर मशीन चालवायची नाही, आधी अख्खी पेटी दुसऱ्या डिस्कवर उतरवायची. आजारी माणसाला पहिले दवाखान्यात न्यावं, वाटेत विचारपूस करू नये. दुसरी डिस्क माझ्या दुकानात होती, पण ती मलाच आणावी लागणार होती, कारण किल्ली माझ्याकडे आणि कुलूप माझ्याशिवाय कोणाला उघडत नाही. उज्ज्वलाला आत कान तपासायचे होते. तपासायचं यंत्र वेगळं असतं, ते चालू होतं. मग लॅपटॉपजवळ कोण बसणार? भाऊराव खुर्ची ओढू लागले.

मी संस्थेच्या साहेबांकडे गेले. "साहेब, इथं बसा. हात लावायचा नाही. त्यानं काहीही विचारलं तरी हो म्हणायचं नाही. जमेल?"

साहेब उठले. "अम्मा, मैं बीस साल से दफ्तर में यही कर रहा हूँ."

चांगला माणूस निघाला. मी डिस्क घेऊन परत आले तेव्हा ते लॅपटॉपसमोर हाताची घडी घालून बसले होते आणि शेजारी भाऊरावही हाताची घडी घालून बसले होते. पडद्यावर आकडे सरकत होते. हॉलमधून कोणीही उठून गेलं नव्हतं. काहींना काय बिघडलं तेच ठाऊक नव्हतं. त्यांना वाटत होतं की यंत्र बसवायची हीच पद्धत आहे, आधी मारामारी आणि मग शांतता.

आकडे थांबले. पेनड्राइव्ह उघडला. आत पेटी होती, भलीमोठी, नावासकट. बाजूला निजताना अर्धवट लिहिलेलं ते पडलेलं होतं.

"आता अख्खी गाडी काढ," मी म्हणाले.

पेनड्राइव्हनं ते मात्र नीट केलं. तापला इतका की साहेबांनी बोट लावून चटकन मागे घेतलं, पण पेटी मी दुकानातून आणलेल्या एसएसडीवर उतरली. मग उज्ज्वलानं मशीन सुरू केली. चौकोन आला. अर्धवट झोपेतलं टाकून द्यायचं का?

तिनं माझ्याकडे पाहिलं.

"हे टाकायचंच असतं का?" मी विचारलं.

"हाव. डोक्यात चाललेलं जाते, पेटीतलं राह्यते."

"मंग टाक."

पडदा काळा झाला. पांढरी अक्षरं आली. मशीनला नीट बंद केलं नव्हतं अशी तिची तक्रार होती, आणि ती स्वतःला तपासू लागली. उज्ज्वला तोंडाशी ओढणी धरून उभी होती. साहेब उभे होते. भाऊराव आळीपाळीनं आमच्या तोंडाकडे बघत होते, कारण पडद्यावरून त्यांना काही कळत नव्हतं आणि कानावरून कळायची सोय नव्हती.

मग जुन्या विंडोजचं ते सुरुवातीचं संगीत वाजलं. मला ते ऐकू आलं. उज्ज्वलानं ओढणी सोडली आणि बाबांच्या खांद्यावर एक थाप दिली. भाऊरावांनी सुटकेचा श्वास टाकला आणि लगेच विचारलं, "मी निजवली होती म्हणूनच उठली ना?"

उज्ज्वला जुळवण्या उघडून बघू लागली. सकाळच्या सगळ्यांची जुळवणी जागेवर होती. भाऊरावांचं यंत्र अर्धवट राहिलं होतं, ते तिनं पहिल्यापासून जुळवलं आणि त्यांच्या कानात बसवलं. त्यांनी मान हलवली, पंख्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आता येते का ऐकू?" मी विचारलं.

"येते."

"मंग ऐका. दिवा लुकलुकत असंन तं उपटाचं नाही. मशीन निजवाची नाही, बंद कराची. अन् ज्या चौकोनात पुसाची गोष्ट असंन तिथं पोरीले आवाज द्याचा. तुमच्या प्लांटात चालत असंन, इथं ओके म्हणजे कर."

"एवढ्या जोरानं नका बोलू वहिनी," ते कान चोळत म्हणाले. "यंत्र नवं आहे."

संध्याकाळी हॉल रिकामा होईपर्यंत उज्ज्वला काम करत होती. साहेब जाताना पुढच्या कॅम्पचं गाव सांगून गेले. ती जेवली नव्हती. मी माझ्याकडे नेऊन तिला पोळी-भाजी वाढली आणि मग एसएसडीचं बोलले. एका डिस्कवर भरवसा ठेवायचा नसतो, ती कितीही चांगली असो. दर कॅम्पनंतर मशीन बंद करायची आणि पेटीची एक नक्कल घरच्या डिस्कवर टाकायची. भाऊरावांनाही काम पाहिजे होतं, ते त्यांना दिलं. वायर ढिली होऊ नये म्हणून त्यांनी एसएसडी लॅपटॉपच्या झाकणामागे चिकटपट्टीनं बसवली आणि आखूड वायर लावली. जोड आहे, पण हलत नाही. हे त्यांचं मला पटलं, आणि आता मी पोरांना तसंच करायला सांगते. पोरं ऐकतात. एसएसडी घेऊन जातात आणि परत येत नाहीत, हे धंद्याच्या दृष्टीनं वाईट आहे.

तो पेनड्राइव्ह थोड्याच दिवसांत पुरता मेला. लॅपटॉप पुढच्या उन्हाळ्यात गेला. मशीन आहे, उज्ज्वलाच्या नव्या लॅपटॉपवर चालते. उज्ज्वला आहे, भाऊराव आहेत, मी आहे.